चिलखताचं वजन

मंगळवारी राहुकाळात, दुपारी तीनच्या सुमारास, कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लागतात. लिंबू अर्धं कापायचं, पिळायचं, साल उलटी करून तिची वाटी करायची, तिच्यात तूप आणि वात. या गर्दीत मराठी बायकाही दिसतात. बदामीची बनशंकरी आपल्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवता, आणि नोकरीपायी बेंगळुरूला आलेल्यांना ती इथे घराजवळ भेटते. परवा एक आजी खांबाला टेकून देवीकवच म्हणत होत्या. कवच म्हणजे अवयवांची मोजदादच असते. डोकं, डोळे, कान, मान, पाठ, कंबर, गुडघे, अगदी नखंसुद्धा. एकेका अवयवाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या रक्षणाला कोणाला तरी नेमायचं.

ते ऐकताना मला माल्कम ग्रो आठवले. १९४२ साली इंग्लंडमध्ये उतरलेल्या अमेरिकेच्या आठव्या वायुदलाचे ते सर्जन. त्यांच्यासमोरही अवयवांची यादी होती, पण ती जखमांची. बी-१७ आणि बी-२४ बाँबर दिवसाढवळ्या शत्रूच्या मुलखावर जात आणि रक्ताळलेली माणसं घेऊन परत येत. ग्रो यांनी जखमा मोजायला घेतल्या. कुठे लागलं, कशाने लागलं, किती खोल गेलं. त्यातून जे हाती आलं त्याने त्यांचं सगळं काम बदललं. सुमारे ७० टक्के जखमा मंद वेगाच्या तुकड्यांनी झाल्या होत्या. विमानवेधी तोफेचा गोळा हवेत फुटतो, त्याच्या ठिकऱ्या विमानाचा पत्रा फाडून आत येतात, आणि तोवर त्यांचा जोर बराच ओसरलेला असतो. रायफलची गोळी अडवायची तर जाड पोलाद हवं. या ठिकऱ्यांना जेमतेम एक मिलिमीटरचा पत्राही पुरला असता.

वैमानिकांच्या चिलखताचा इतिहास चाळताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांनी जखमा मोजल्या त्यांच्या हातून चिलखत घडलं. बाकीच्यांनी अंदाजाने लोखंड बसवलं, आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी बसलं.

ग्रो लंडनला विल्किन्सन स्वोर्ड या कंपनीकडे गेले. तलवारी घडवणारी ही जुनी पेढी. तिथे मँगनीज पोलादाचे दोन-दोन इंचांचे चौकोन कापले, एकाची कड दुसऱ्यावर येईल असे माशाच्या खवल्यांसारखे मांडले आणि कॅनव्हासच्या खिशांत शिवले. खवल्यांमुळे अंग वाकवता येई आणि दोन पत्र्यांमध्ये फटही राहत नसे. पुढून-मागून झाकणाऱ्या या जाकिटाचं वजन जवळजवळ ८ किलो होतं. ज्यांच्या सीटच्या पाठीला आधीच पोलाद होतं त्या वैमानिकांना फक्त पुढचा भाग दिला, म्हणजे वजन निम्म्यावर आलं. मांड्या आणि जांघेसाठी वेगळा एप्रन. १९४३च्या वसंतात ही जाकिटं लढाईत उतरली. त्या साली आणि त्यानंतर जखमांचं प्रमाण बरंच घटलं. सगळं श्रेय जाकिटाला देता येत नाही, कारण पुढेपुढे जर्मन लढाऊ विमानंही कमी होत गेली. तरी छाती आणि पोटाच्या जखमांनी मरणारी किती माणसं त्या कॅनव्हासमुळे घरी पोहोचली असतील, याचा विचार मनातून जात नाही.

त्या जाकिटातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती लाल पट्टी. चिलखत पॅराशूटच्या पट्ट्यांवरून घातलेलं. विमान पेटलं तर उडी मारण्याआधी ते उतरवायला हवं, नाहीतर पॅराशूट बांधता येत नाही, आणि समुद्रात पडलं तर ८ किलो पोलाद माणसाला तळाला नेतं. म्हणून एक पट्टी खेचली की पुढचा आणि मागचा भाग सुटून खाली पडावा, अशी रचना केली. ज्याने ती पट्टी जोडली त्याला घाबरलेल्या माणसाचे हात ठाऊक होते.

आपल्याकडे चिलखत म्हटलं की प्रतापगड डोळ्यापुढे येतो. १० नोव्हेंबर १६५९ला अफजलखानाला भेटायला निघताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढवलं होतं, डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप होता. मिठीच्या अंतरावरून कट्यारीचा वार येईल, हे त्यांनी आधी ताडलेलं होतं. खानाचा वार चिलखतावरच खरडला. कुठलंही चिलखत हे एका ठरावीक हत्याराचं, ठरावीक अंतरावरून आलेलं उत्तर असतं. हत्यार बदललं की उत्तर शिळं होतं. विमानांच्या शंभर वर्षांत हे अनेकदा झालं.

सुरुवात झाली ती चुलीपासून. पहिल्या महायुद्धात खंदकांवरून खाली उतरून उडणाऱ्या वैमानिकांवर खालून रायफली चालत. विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. मग कोणी कोणी शेगडीचं बिडाचं झाकण मिळवून सीटखाली ठेवलं आणि त्यावर बसले. हे वाचलं त्या दिवशी मी बनशंकरी भागातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरात जाऊन डोशाचा बिडाचा तवा काट्यावर ठेवून पाहिला. २ किलो ४०० ग्रॅम भरला. बीड ठिसूळ असतं, जोराची गोळी बसली तर तडकेल. पण आपण ज्या जागी सर्वांत उघडे आहोत ती जागा कोणती, हे त्या पोरांना कोणी अधिकाऱ्याने सांगायच्या आधी कळलं होतं.

जर्मनांनी हाच विचार कारखान्यात नेला. १९१७च्या युंकर्स जे-१ या विमानात इंजिन, इंधन आणि दोन्ही माणसं ५ मिलिमीटर पोलादाच्या टबात बसवली. टबाचंच वजन ४७० किलोच्या आसपास. विमान इतकं जड झालं की त्याला सामान वाहणारी गाडी म्हणत, पण खालून येणाऱ्या गोळ्यांना ते बधलं नाही. पुढे सोव्हिएत इल-२ या विमानाने हीच वाट धरली. त्याचं सुमारे ७०० किलोचं चिलखत विमानाच्या सांगाड्याचाच भाग होतं. मात्र मागे तोंड करून बसणारा तोफची नंतर वाढवला गेला तेव्हा तो त्या मुख्य टबाच्या बाहेर राहिला. वैमानिक वाचला आणि मागचा गेला, असं पुन्हा पुन्हा झालं. चिलखताची कड कुठे संपते यावर कोणाचा जीव जातो ते ठरतं, हे यापेक्षा उघडपणे क्वचितच दिसलं असेल.

ब्रिटिशांचा किस्सा वेगळा. १९३९-४०च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये असलेल्या पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख हॅलाहन यांना हरिकेनच्या सीटमागे पोलादी पाट हवा होता. वरून उत्तर आलं की विमानाचा तोल जाईल. त्यांनी एका बॅटल बाँबरचा पाट काढून हरिकेनमध्ये बसवला आणि आपल्या वैमानिकाकडून विमान उडवून दाखवलं. तोल गेला नाही. त्यानंतर तो पाट सगळ्या हरिकेनना मिळाला. १९४४ला इम्फाळवर अर्जन सिंग यांच्या भारतीय पहिल्या स्क्वाड्रनने जी हरिकेनं उडवली, त्यांतल्या आपल्या पोरांच्या पाठीला हा आधार होता.

त्याच काळात बेंगळुरूतही युद्धाचं काम जोरात होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४०मध्ये उभारलेला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखाना १९४३पासून अमेरिकनांच्या ८४व्या एअर डेपोच्या कामाला लागला होता. इथे त्यांची विमानं दुरुस्तीला आणि ओव्हरहॉलला येत. विमानाला पडलेली भोकं मोजणं हे जगभरच्या अशा शेडमधलं रोजचं काम. त्या भोकांबद्दल सर्वांत खोल प्रश्न मात्र न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या एका गणितज्ञाने विचारला. अब्राहम वाल्ड. परत आलेल्या विमानांवर जिथे भोकं जास्त, तिथे पोलाद वाढवावं, असं कोणालाही वाटेल. वाल्ड यांनी हिशोब उलटा मांडला. ही विमानं परत आली आहेत, म्हणजे इथे लागूनही विमान तगतं. जिथे भोकं दिसत नाहीत, तिथे लागलेली विमानं परत आलीच नाहीत. पोलाद तिथे हवं. हे वाक्य आता व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात घोटलं जातं. मूळचं त्यांचं काम म्हणजे आकड्यांची कित्येक पानं आहेत, कुठल्या भागाला गोळी लागली तर विमान पडण्याची शक्यता किती, हे न आलेल्या विमानांचा अंदाज धरून काढलेलं. हे वाल्ड १९५०मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले होते. १३ डिसेंबरला एअर इंडियाचं विमान निलगिरीच्या डोंगरावर आदळलं, त्यात ते आणि त्यांच्या पत्नी गेल्या. आमच्या कनकपुरा रस्त्याच्या दक्षिणेला, काही तासांच्या वाटेवर हा निलगिरी आहे. उटीला जाताना धुकं लागलं की मला दर वेळी हे आठवतं.

वाल्ड यांचा धडा माणसाच्या अंगालाही लागू पडतो. इस्पितळात पोहोचलेल्या जखमी क्रूच्या जखमा मोजल्या तर पाय आणि हात जास्त भरतात. छातीत लागलेले इस्पितळापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणूनच नुसत्या जखमींच्या नोंदी पुरत नाहीत, गेलेल्यांच्याही लागतात. ते काम करायला मन घट्ट करावं लागतं.

ग्रो यांच्या जाकिटानंतर वीस वर्षांनी हत्यार पुन्हा बदललं. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांवरून जाई आणि खाली रायफल घेऊन माणूस उभा असे. शंभर मीटरवरून आलेली ७.६२ मिलिमीटरची गोळी पातळ पत्र्याला जुमानत नाही, आणि ती अडवेल इतकं जाड पोलाद अंगावर घेऊन कोणी बसू शकत नाही. उत्तर मिळालं ते भाजलेल्या मातीच्या जातीतून, सिरॅमिकमधून. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट. बोरॉन कार्बाइडची अडीच पट, आणि कठीणपणात ते हिऱ्याच्या खालोखाल बसणाऱ्या मोजक्या पदार्थांत येतं. गोळी या फरशीवर आपटते तेव्हा तिचं टोक चुरतं आणि फरशीही त्या जागी फुटते. मागे चिकटवलेला फायबरग्लासचा थर तो सगळा चुरा झेलतो. एक थर गोळी फोडतो, दुसरा तिला थांबवतो. १९६५च्या सुमारास ह्युई हेलिकॉप्टरच्या सीटना हे चिलखत बसलं, पाठोपाठ छातीवर बांधायची फरशी आली. वैमानिकाला सीटची पाठ होती म्हणून त्याला फक्त पुढची. दारात उभं राहून मशीनगन चालवणाऱ्याला दोन्ही बाजूंची. पण गोळ्या खालून येतात हे दारातल्या माणसाला पक्कं ठाऊक, म्हणून कित्येकजण आणखी एक फरशी मिळवून तिच्यावर बसत. पन्नास वर्षांपूर्वी शेगडीच्या झाकणावर बसलेल्या पोरांचाच हिशोब. ग्रो यांच्या बाँबरमधलेही कितीतरीजण जाकीट पायाखाली अंथरत. मला वाटतं, दर पिढीत क्रू आपण होऊन जिथे लोखंड सरकवतो, ती जागा आराखडा काढणाऱ्याने आधी जाऊन बघावी.

केव्हलारचा धागा आला तोही याच दशकात, १९६५ला स्टेफनी क्वोलेक यांच्या प्रयोगशाळेतून. त्याबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी थांबतो. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बोरॉन कार्बाइड आणि कार्बन नॅनोट्यूब वापरून जे जाकीट घडवलं, त्याचं नाव भाभा कवच. कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने २०२४मध्ये अखंड सिरॅमिक फरशीचं हलकं जाकीट जाहीर केलं. दोन्ही पायी चालणाऱ्या जवानासाठी. विमानातल्या माणसाचं गणित निराळं आहे.

ते गणित बेंगळुरूत होतं. जुन्या विमानतळ रस्त्यावरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन १९५७पासून हेच बघते, की आकाशात माणसाच्या शरीराचं काय होतं. सी. व्ही. रामन नगरातली डेबेल ही डीआरडीओची प्रयोगशाळा वैमानिकाचा अँटी-जी सूट, हेल्मेट, ऑक्सिजनची व्यवस्था घडवते. लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा वैमानिकावर नऊ पटींपर्यंत भार येतो. आमचा तवा त्या वळणावर सुमारे साडेएकवीस किलोंचा होईल. ग्रो यांचं ८ किलोचं जाकीट ७२ किलोंचं, म्हणजे आणखी एक अख्खा माणूस छातीवर. आणि सीट उडवून बाहेर पडायची वेळ आली तर क्षणभर पंधरा पटींच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त झटका खालून वर मणक्यात जातो. अंगावरच्या प्रत्येक जादा किलोचं ओझं त्या मणक्यांवर येतं. म्हणून तेजस किंवा सुखोईत बसलेल्या माणसाच्या अंगावर गोळी अडवणारं चिलखत नसतं. त्याच्या अंगाला घट्ट बसलेला सूट रक्त पायात उतरू देत नाही, एवढंच. त्याला वाचवायचं ते विमानाने.

विमानाने कसं वाचवायचं, ते बघायचं असेल तर एचएएलच्या संग्रहालयात जावं. बनशंकरीहून रहदारी धरून तास-दीड तास. तिथे मारुत हे लढाऊ विमान उभं आहे. कुर्ट टँक यांच्या चमूने बेंगळुरूत आखलेलं, १९६१ला पहिल्यांदा उडालेलं. मागे जाऊन बघा, शेजारीशेजारी दोन गोल तोंडं दिसतात. दोन इंजिनं जोर मिळावा म्हणून घेतली होती आणि तरीही जोर कमीच पडला, ही टीका या विमानावर कायमची चिकटली. पण १९७१च्या युद्धात जमिनीवरच्या माऱ्यात एक इंजिन गेलेलं मारुत दुसऱ्यावर घरी आलं, असं तीन वेळा झालं. मी त्या दोन तोंडांमध्ये हात घालून उभा राहिलो होतो. मधला पत्रा हाताला थंड लागला. त्या तीन वैमानिकांना छातीवर बांधलेल्या कुठल्याही फरशीने एवढं दिलं नसतं.

नाशिकजवळच्या ओझरला बांधलेल्या मिग-२७च्या कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना पोलादी पाट होते, कारण ते जमिनीवर हल्ला करायचंच विमान. हेलिकॉप्टरांचं दुखणं जास्त खोल. ऑक्टोबर १९८७मध्ये श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री जवान उतरवणाऱ्या एमआय-८वर मशीनगनचा मारा झाला. हेलिकॉप्टरांना इतक्या गोळ्या लागल्या की पुढच्या फेऱ्या होऊ शकल्या नाहीत, आणि खाली उतरलेले शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान एकटे पडले. २९ गेले. ही गोष्ट आपण जवानांच्या पराक्रमाची म्हणून सांगतो, ती आहेच. ती हेलिकॉप्टरच्या पत्र्याचीही आहे. २८ मे १९९९ला टोलोलिंगवर एमआय-१७ पडलं ते खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने. चारही जण गेले. तिथे छातीवरची फरशी काही करू शकली नसती. क्षेपणास्त्राला भुलवणारे फ्लेअर त्या हेलिकॉप्टरवर नव्हते, तेच त्यांचं चिलखत ठरलं असतं. कारगिलने जे शिकवलं त्यातून बेंगळुरूत ‘प्रचंड’ हे लढाऊ हेलिकॉप्टर उभं राहिलं, ३ ऑक्टोबर २०२२ला जोधपूरला वायुदलात दाखल झालं, आणि मार्च २०२५मध्ये आणखी १५६ची मागणी नोंदली गेली. त्यात क्रूसाठी चिलखतही आहे आणि क्षेपणास्त्राला भुलवायची व्यवस्थाही. पाच हजार मीटरवरच्या विरळ हवेत उतरणाऱ्या यंत्रात एकेक किलो भांडून घ्यावा लागतो. तरी त्यांनी चिलखत सोडलं नाही, याचं मला मनापासून समाधान आहे.

एक गोष्ट इथेच सांगतो. २०१६पासून आपल्या लढाऊ विमानांत मुली आहेत, हेलिकॉप्टरांत त्याआधीपासून. छातीवरची फरशी, हेल्मेट, सूट, सगळं एका मापाच्या पुरुषासाठी घडत आलं. खांदे अरुंद असले की फरशी सरकते आणि काखेशी उघडं राहतं. मापं नव्याने घ्यायला हवीत. त्यात चालढकल नको.

आता दिलीप पारुळकर. आडनावच तळकोकणातल्या परुळ्याचं. १९७१मध्ये पाडाव झालेल्या आणि ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून दोन सहकाऱ्यांसह निसटलेल्या या वैमानिकाची गोष्ट मराठी घरांत चांगली माहीत आहे. ते तिघे अफगाण सीमेजवळ पकडले गेले. पारुळकर ऑगस्ट २०२५मध्ये गेले, तेव्हा सगळ्यांनी त्या सुटकेचीच आठवण काढली. मला त्यांचं १९६५ आठवतं. शत्रूच्या माऱ्यात त्यांच्या विमानाला गोळी लागली आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. विमान सोडून बाहेर पड, असं तुकडीच्या प्रमुखाने सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही, आणि मोडकं विमान तळावर आणून उतरवलं. त्यासाठी वायुसेना मेडल मिळालं.

उजवा खांदा म्हणजे कंट्रोल स्टिक धरणारा हात. ग्रो असते तर पदकाच्या कागदाआधी त्यांनी खांद्याचा कागद मागितला असता. गोळी खालून आली की बाजूने, काचेतून की पत्र्यातून, सीटच्या पाठीची कड खांद्याच्या किती खाली संपत होती, जखम होऊन किती मिनिटांनी बोटं सुन्न झाली. मराठीत आपण वैमानिकांवर पुष्कळ लिहिलं आहे, छाती भरून येईल असं लिहिलं आहे, आणि या चार ओळी मात्र बहुतेक वेळा गाळल्या आहेत. १९६५, १९७१, जाफना आणि कारगिलमधले कितीतरी वैमानिक आज उतारवयात आहेत. पुण्यात आहेत, बेंगळुरूत आहेत. त्यांच्यासमोर बसून, कागदावर माणसाची बाह्याकृती काढून, कुठे लागलं ते पेन्सिलीने दाखवा म्हणायला अजून वेळ आहे.